बिनतिकीट माणसाची वाट: चौकातलं सांस्कृतिक केंद्र कसं बघायचं

नव्या सांस्कृतिक केंद्राचं उद्घाटन झालं की आधी त्याचा फोटो फिरतो. फोटो बहुतेक वेळा तिन्हीसांजेचा असतो. आतले दिवे लागलेले, आकाश गडद निळं, समोरचा चौक पावसानं ओला आणि जवळजवळ रिकामा. मग इमारत सुंदर की भयंकर यावर दोन तट पडतात. मला हा वाद फारसा कामाचा वाटत नाही. नाट्यगृह, कलादालन, वाचनालय, कार्यशाळा असं सगळं पोटात घेऊन शहराच्या भर चौकात उभ्या राहिलेल्या इमारतीला आधी एक साधा प्रश्न विचारावा. ज्याच्याकडे तिकीट नाही आणि ज्याला कुठला कार्यक्रमही बघायचा नाही, असा माणूस चौकातून चालत चालत किती आतपर्यंत पोचतो? पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती फिरते.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला, अशा इमारतींवर लिहिणाऱ्याला, किंवा आपल्या गावात केंद्र होणार म्हणून ज्याच्यासमोर नकाशे आले आहेत अशा समितीच्या सदस्याला ती वापरता येईल. वही, पेन्सिल, मोजपट्टी (नसेल तर स्वतःची पावलं) आणि होकायंत्र असलेला फोन एवढं सामान पुरे. इमारत अजून कागदावरच असेल, तर हेच सगळं प्लॅन (आडवा नकाशा) आणि सेक्शन (उभा छेद) यांच्यावर बोट ठेवून करायचं.

१. निघण्यापूर्वी चौकाचा काळा-पांढरा नकाशा काढा

उपग्रहाच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवा. इमारती काळ्या करा, मोकळी जागा पांढरी सोडा. दहा मिनिटांत चौकाचा आकार उमटतो. चौक ही शहराची बिनछपराची खोली धरली, तर तिच्या भिंती कुठे सलग आहेत आणि कुठे भगदाडं आहेत ते दिसतं. नवं केंद्र या खोलीची एक भिंत झालं आहे, की मधोमध ठेवलेली वस्तू? भिंत झालेली इमारत चौकाला धरून ठेवते. मधोमध ठेवलेल्या इमारतीला चारही बाजू सांभाळाव्या लागतात, आणि ते सोपं नसतं.

आता उत्तर दिशा काढा. उत्तर गोलार्धात चौकाच्या दक्षिण कडेला उंच इमारत आली, तर तिची सावली चौकावर पडते आणि चौकाकडचं तिचं तोंड वर्षातला बराच काळ उन्हाला मुकतं. थंड हवेत हा शाप आहे, तर उष्ण हवेत वरदान. त्यामुळे ‘पायऱ्यांवर लोक बसतील’ असं आराखड्यात लिहिलेलं असलं, तरी कोणत्या महिन्यात आणि किती वाजता, हे विचारायला विसरू नका.

चौकाखाली काय आहे हेही बघा. खाली वाहनतळ असेल तर वरची जमीन खरं तर स्लॅब असते. तिच्यावर किती माती टाकता येईल आणि किती वजन पेलेल यावर झाडांचं भवितव्य ठरतं. रॉटरडॅमचा स्खाउबुर्खप्लाइन हा नाट्यगृहासमोरचा चौक असाच वाहनतळाच्या छतावर आहे. १९९६ साली ‘वेस्ट ८’ या भूदृश्यरचना करणाऱ्या कार्यालयानं तिथे हलक्या साहित्याची जमीन आणि क्रेनसारखे लाल दिव्याचे उंच खांब केले. झाडांची उणीव यंत्रांनी भरून काढण्याचा तो उघड प्रयत्न आहे. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये एनकार्नासिऑन चौकाखाली वाहनतळ खणताना रोमन अवशेष लागले. तिथेच २०११ साली पुऱ्या झालेल्या, लाकडी छत्र्यांसारख्या दिसणाऱ्या ‘मेट्रोपोल पॅरासोल’मध्ये तळघरात ते अवशेष, जमिनीच्या पातळीवर बाजार आणि त्यावर उचललेला चौक अशी मांडणी त्यातूनच आली.

शेवटी एक भागाकार करा. मिळालेल्या जागेपैकी किती जागा इमारतीनं घेतली आणि किती शहराला परत दिली? पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासाठी १९७१ साली झालेल्या स्पर्धेत ६८१ प्रस्ताव आले होते. रेन्झो पियानो, रिचर्ड रॉजर्स आणि जानफ्रांको फ्रांकिनी या वास्तुकारांच्या प्रस्तावानं जवळजवळ अर्धी जागा चौकासाठी मोकळी सोडली आणि तो जिंकला. १९७७ साली इमारत उघडल्यापासून तिच्या रंगीत नळ्यांवर अमाप लिहून आलं आहे. माझ्या मते त्या इमारतीतला सर्वांत मोठा निर्णय मात्र तिच्या बाहेर, मोकळ्या फरशीवर दिसतो.

२. तीन ठिकाणी उभं राहा

इमारतीची उंची अंदाजानं काढा. सार्वजनिक इमारतीचा मजला साधारण चार ते पाच मीटरचा असतो, मजले मोजून गुणाकार करा. मग त्या उंचीइतक्या अंतरावर उभं राहा. इथून इमारतीचा माथा ४५ अंशांत दिसतो. साहित्य, सांधे, खिडकीच्या चौकटी यांचं वाचन इथून करायचं. दुप्पट अंतरावर, म्हणजे सुमारे २७ अंशांत, दर्शनी भाग एका नजरेत मावतो. तिप्पट अंतरावर, सुमारे १८ अंशांत, ती शेजाऱ्यांसकट दिसू लागते. चौक इतका आखूड असेल की तिप्पट अंतरावर जाताच येत नाही, तर छायाचित्रात दिसणारी अख्खी इमारत तिथल्या कुणालाही कधीच दिसणार नाही, हे लक्षात ठेवा.

माणसांसाठीही अंतरं आहेत. शंभर मीटरवर माणूस असल्याचं आणि तो काय करतो आहे ते ढोबळमानानं कळतं. चेहऱ्यावरचा भाव मात्र वीस-पंचवीस मीटरच्या आतच वाचता येतो. चौक त्याहून खूप मोठा असेल तर दारात कोण उभं आहे, आत गर्दी आहे की शुकशुकाट, हे पलीकडून कळत नाही.

आता शेजारी. जुन्या चौकात नवी इमारत आली की तिला शेजाऱ्याशी कसं वागायचं ते ठरवावंच लागतं. फ्रान्समधल्या नीममध्ये वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांचं ‘कारे दार’ हे केंद्र (१९९३) ‘मेझाँ कारे’ या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या रोमन मंदिरासमोर उभं आहे. मंदिराच्या दगडी खांबांना समोरून बारीक पोलादी खांबांनी उत्तर दिलं आहे, नक्कल कुठेही नाही. वाचनालय आणि समकालीन कलेचं संग्रहालय मिळून नऊ मजल्यांचा पसारा असूनही इमारत शेजाऱ्यांच्या डोक्यावर जात नाही, कारण त्यातले निम्मे मजले जमिनीखाली आहेत. मधल्या काचेच्या जिन्यातून त्या मजल्यांपर्यंत उजेड उतरतो. जर्मनीतल्या उल्मच्या श्टाटहाउस या केंद्राची (रिचर्ड मायर, १९९३) अडचण आणखी मोठी होती, कारण शेजारी १६१.५ मीटर उंच शिखराचं चर्च. मायर यांनी उंचीची स्पर्धाच टाळली. पांढरी, तीन मजली इमारत उभी केली आणि तिच्या फटींतून, छतातल्या काचांतून शिखराचे तुकडे दिसतील असं केलं. आत गेलेला माणूस बाहेरच्या चर्चकडेच नव्यानं बघतो. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या कुन्स्टहाउस या कलादालनानं (पीटर कुक आणि कॉलिन फूर्निए, २००३) उलट केलं. लाल कौलांच्या शहरात निळ्या ॲक्रिलिकचा फुगीर आकार आणून बसवला. तिन्ही मार्ग चालू शकतात. शेजाऱ्याची बेचव नक्कल तेवढी चालत नाही.

३. कडेनं पूर्ण फेरी मारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इमारतीला खेटून पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि दर दहा पावलांना नजरेच्या उंचीवर काय आहे ते लिहा. उघडं दार, बंद दार, आत दिसणारी खिडकी, पडदा लावलेली खिडकी, कोरी भिंत, वायुवीजनाची जाळी, जाहिरातीचा फलक. ही यादी बघूनच इमारतीचा स्वभाव कळतो.

कोरी भिंत वास्तुकाराच्या आळसातून येते असं मात्र लगेच समजू नका. सांस्कृतिक केंद्राच्या मुख्य खोल्या मुळातच खिडक्या नको म्हणणाऱ्या असतात. नाट्यगृहाला काळोख हवा, कलादालनाला चित्रं टांगायला सलग भिंत आणि ताब्यातला उजेड हवा, संग्रहाच्या कोठाराला तर ना खिडकी हवी, ना उजेड. म्हणजे आतल्या गरजेप्रमाणे इमारत केली तर तिचे तीन-चतुर्थांश अंग आंधळं होणार. चौकाला नेमकं याच्या उलट हवं असतं. या भांडणाचा निकाल कसा लावला, हे अशा इमारतीतलं खरं डिझाइन.

निकाल लावायचे मार्ग मोजकेच आहेत. एक म्हणजे आंधळ्या पेट्या वर उचलायच्या. साओ पाउलोच्या कलासंग्रहालयात (१९६८) लीना बो बार्दी यांनी दालनं चार प्रचंड खांबांवर टांगली आणि खाली सुमारे ७४ मीटर लांबीची, मध्ये एकही खांब नसलेली मोकळी जागा सोडली. तिथे बाजार भरतो, मोर्चे येतात, लोक पावसाला थांबतात. माद्रिदच्या काइशाफोरममध्ये (हर्झोग आणि द म्युरॉन, २००८) जुन्या वीजकेंद्राच्या विटांच्या भिंती तशाच ठेवून खालचा दगडी पाया काढून टाकला. वजनदार इमारत अधांतरी राहिल्यासारखी दिसते आणि तिच्या पोटाखाली सावलीचा चौक मिळतो. दुसरा मार्ग नीमसारखा, पेट्या जमिनीत उतरवण्याचा. त्यात पाणी, आगीच्या वेळचा सुटकेचा मार्ग आणि खर्च हे तिन्ही प्रश्न वाढतात. तिसरा मार्ग म्हणजे पेट्या मधोमध घालून कडेला वाचनकक्ष, उपाहारगृह, तिकीटखिडकी, मुलांची कार्यशाळा अशा उजेडाला सरावलेल्या खोल्यांची पट्टी ओढायची. कमी खर्चात जास्त फळ देणारा हाच, आणि तरीही तो का कुणास ठाऊक, स्पर्धांच्या चित्रांत कमी दिसतो. बहुधा त्यात थक्क करणारा आकार निघत नाही म्हणून.

काचेपासून सावध राहा. ‘पारदर्शक’ हा शब्द अशा इमारतींच्या माहितीपत्रकात हमखास येतो. पण दिवसा बाहेरचा उजेड आतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे साधी काचही बाहेरून आरशासारखी वागते. आतलं काही दिसत नाही, समोरच्या इमारती दिसतात. दिवे लागल्यावरच ती पारदर्शक होते, आणि उद्घाटनाचा फोटो तिन्हीसांजेला का काढतात याचं उत्तर तिथेच आहे. दुपारी बारा वाजता पाच मीटरवरून आतला माणूस दिसतो का, ते तपासा. काचेवर खोल छज्जा असेल किंवा आतली जागा वरून उजळलेली असेल तर दिसतो.

फेरीतच बसायच्या जागा मोजा. बाक सोडून द्या, टेकता येईल अशी प्रत्येक कड धरा. ४० ते ४५ सेंटीमीटर उंचीचा कट्टा माणसाला आपोआप बसवतो. ७० सेंटीमीटरच्या कठड्यावर फक्त रेलता येतं. पाठीला भिंत, समोर ये-जा आणि डोक्यावर सावली असेल तर ती जागा कधी रिकामी नसते. कट्ट्यावर धातूच्या गुंड्या ठोकल्या असतील तर वहीत ठळक नोंद करा. व्यवस्थापनाचं धोरण त्या गुंड्यांत लिहिलेलं असतं.

४. उंबरठ्याची पातळी मोजा

चौकाच्या फरशीपासून दाराच्या फरशीपर्यंत किती चढ-उतार आहे? भव्य पायऱ्या बसायला छान असतात, पण त्या चढून जाणं म्हणजे आत शिरण्याचा ठराव करावा लागणं. रॅम्पचा उतार १:१२ असेल तर तो नियमात बसतो, तरी चाकाची खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याला दमवतो. १:२० ला तो रॅम्प वाटतच नाही, जमीनच वाटते. रॅम्प मुख्य दारालाच येऊन मिळतो की बाजूच्या एखाद्या बेल वाजवायच्या दाराशी, हेही लिहा.

पाँपिदूसमोरची फरशी इमारतीकडे हळूच उतरत जाते. इटलीतल्या सिएनाच्या शंखाकार, उतरत्या चौकाची आठवण करून देणारा हा उतार दोन कामं करतो. बसलेल्या लोकांना खेळ करणारे कलाकार दिसतात, आणि चालणाऱ्याचे पाय आपसूक दाराकडे वळतात.

दारं किती आहेत आणि त्यांतली उघडी किती, हे वेगवेगळं मोजा. प्लॅनमध्ये सहा दारं आणि प्रत्यक्षात सुरक्षारक्षकाच्या टेबलासमोरचं एकच उघडं, असं पुष्कळदा निघतं.

५. तिकिटाची रेषा ओढा

आता आत या. तळमजल्याचा नकाशा घ्या (दाराशी मिळणारा साधा नकाशाही चालेल) आणि जिथे तिकीट, ओळखपत्र किंवा पिशवी मागतात तिथे लाल रेघ ओढा. रेघेच्या अलीकडची सगळी जागा पिवळी रंगवा. शौचालय, पिण्याचं पाणी, बसायची जागा, मोबाईल चार्ज करायचं सॉकेट रेघेच्या कोणत्या बाजूला पडलं? लिफ्टनं बिनतिकीट किती मजले वर जाता येतं?

ही रेघ नीट ओढलेली बघायची असेल तर जपानमधल्या कानाझावाचं २१व्या शतकाचं कलासंग्रहालय (सॅना हे वास्तुकारांचं कार्यालय, २००४) बघावं. ११२.५ मीटर व्यासाचं काचेचं वर्तुळ, पुढची-मागची बाजू नाही, आत शिरायला अनेक दारं. कडेच्या भागात वाचनालय, दुकान, बैठका असं सगळं फुकट, आणि तिकिटाची दालनं मध्यभागी. लोक एका दारानं शिरून दुसऱ्यानं बाहेर पडतात आणि वाटेत कला बघून जातात. जपानमधल्याच सेंदाईच्या मीडियाटेक या केंद्रात (तोयो इतो, २००१) तेरा जाळीदार नळ्या सगळे मजले पेलतात. त्यांतूनच उजेड, लिफ्ट, जिने आणि वायरी जातात, म्हणून तळमजला भिंतींविना रस्त्याकडे उघडा ठेवता आला. खांबांचा विचार शेवटी माणसांच्या वाटेशी येऊन भिडतो तो असा.

रेघ कायमची नसते हेही ध्यानात असू द्या. पाँपिदूचा चौकाकडचा सरकता जिना आधी कुणालाही वर घेऊन जायचा. २००० सालच्या नूतनीकरणानंतर त्यावरून वर जायला तिकीट लागू लागलं. एकही भिंत हलली नाही आणि इमारत बदलली. म्हणून प्लॅन बघताना वास्तुकाराला जेवढं विचाराल तेवढंच व्यवस्थापकालाही विचारा: फोयर (नाट्यगृहाबाहेरचं प्रवेशदालन) किती वाजता उघडतं? प्रयोगाच्या तासभर आधी उघडत असेल तर उरलेला दिवस ती चौकाकडे तोंड केलेली बंद खोली आहे.

एक छोटी परीक्षा: काहीही विकत न घेता अर्धा तास आत बसा. कुणी काही विचारलं का?

६. मोठी पेटी कुठे ठेवली आहे ते शोधा

नाट्यगृहाच्या रंगमंचावर पूर्ण पडदा वर खेचून नजरेआड करायचा तर वरचा मनोरा रंगमंचाच्या दर्शनी चौकटीच्या अडीच-तीन पट उंच लागतो. आठ मीटरची चौकट असेल तर वीस ते चोवीस मीटरचा ठोकळा. हा ठोकळा लपत नाही. त्याला चौकापासून मागे ढकललं आहे, की अभिमानानं पुढे आणलं आहे? मनोराच नसेल, तर ‘नाट्यगृह’ या नावाखाली सभागृह बांधलं गेलं असण्याची शक्यता आहे.

‘बहुउद्देशीय’ शब्द दिसला की आवाजाबद्दल विचारा. बोललेला शब्द स्पष्ट ऐकू यायला आवाज विरण्याचा काळ सुमारे एक सेकंद हवा, मोठ्या वाद्यवृंदाला मात्र दोनच्या आसपास. एकाच खोलीत दोन्ही साधायचं तर भिंतीवर सरकणारे जाड पडदे, फिरणारे फलक किंवा हलणारं छत लागतं. तसं काही दिसत नसेल तर दोहोंपैकी एका कलेचं नुकसान ठरलेलं आहे. रिकाम्या सभागृहात जाता आलं तर एक टाळी वाजवा आणि तिचा शेवट ऐका. फडफड ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती कुठे आहेत ते शोधा. वर तालमीची खोली आणि खाली वाचनालय असेल तर तालमीच्या खोलीसाठी स्लॅबवर रबराच्या गाद्या घालून त्यांवर तोललेली वेगळी पेटी केली आहे का, हे सेक्शनमध्ये दिसायला हवं. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या ‘कासा दा मुझिका’ या संगीतगृहात (ओएमए हे वास्तुकारांचं कार्यालय, २००५) मुख्य सभागृहाच्या दोन्ही टोकांना नागमोडी काच आहे. ध्वनीचं गणित सांभाळून सभागृहाला शहराचा उजेड द्यायचा हट्ट त्यांनी धरला, आणि तो निभावला.

लवचिकतेची खरी कसोटी इतिहास घेतो. स्टॉकहोमच्या सेर्गेल चौकावरचं वास्तुकार पीटर सेल्सिंग यांचं कल्चरहुसेट हे सांस्कृतिक केंद्र पुरं होण्याआधीच स्वीडनची संसद तिथे राहायला आली आणि १९७१ ते १९८३ अशी बारा वर्षं राहिली. नंतर जागा नाटकांकडे गेली. मागे काँक्रीटचा कणा आणि चौकाकडे लांबच लांब काचेचे मोकळे मजले, एवढी साधी रचना होती म्हणूनच हे जमलं.

७. मागची बाजू आणि दालनांतला उजेड

चौकातल्या इमारतीला सगळ्या बाजूंनी लोक बघतात, मग कचरा, जेवणाचं सामान आणि नेपथ्याचा ट्रक कुठून येणार? सामानाचं दार, तिथून रंगमंचापर्यंतचा सपाट रस्ता आणि मोठी लिफ्ट प्लॅनवर बोटानं जोडून बघा. जोडता आलं नाही तर ट्रक चौकातच उभा राहणार.

दालनांसाठी दोन आकडे पुरतात. कागद, कापड, जलरंग यांच्यावर सुमारे ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलरंगांवर सुमारे २०० लक्सपर्यंत उजेड चालतो. भर दुपारी उघड्यावर हा आकडा लाखाच्या घरात असतो. त्यामुळे चौकातून थेट अशा दालनात नेणारा प्लॅन डोळ्यांना आंधळं करतो. मध्ये डोळे सरावायला पन्नासेक पावलांचा मंद टप्पा आहे का, एवढं पाहा.

८. वेळ बदलून परत या

एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा प्रयोग सुटण्याच्या वेळी, आणि जमलं तर केंद्राच्या सुटीच्या दिवशी. सुटीच्या दिवशी चौक ओस पडत असेल, तर केंद्र चौकावर जगत नव्हतं, चौकच केंद्रावर जगत होता. पावसात या आणि पाणी कुठे साचतं, खिडकीखालच्या दगडावर ओघळांचे डाग कुठे पडले आहेत ते बघा. रात्री दिव्यांची भाषा ऐका. ग्रात्सच्या कुन्स्टहाउसच्या फुगीर अंगात ९३० गोल दिवे आहेत आणि प्रत्येकाची तीव्रता वेगळी बदलता येते, त्यामुळे अख्खी इमारत संथ, ढोबळ चित्रं दाखवणारा पडदा होते. तिथे ते काम कलाकारांना दिलं. दुसरीकडे तसाच पडदा प्रायोजकाच्या जाहिराती दाखवतो.

९. एक सेक्शन काढा

घरी आल्यावर एकच चित्र काढायचं. चौकाच्या पलीकडच्या कडेपासून सुरू होऊन फरशी, उंबरठा, फोयर, जिना यांतून नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा उभा छेद. त्यात प्रमाणात माणसं काढा आणि बिनतिकीट माणसाची वाट जाड रेघेनं गिरवा. जिथे ती थांबते तिथे बाण काढून कारण लिहा: रक्षक, वेळ, पायरी, काच, किंमत.

मग वास्तुकारानं प्रसिद्ध केलेला सेक्शन शेजारी ठेवा. बऱ्याच सेक्शनमध्ये रेघ बाहेरच्या भिंतीशीच संपते, चौक कागदावर आलेलाच नसतो. इमारत अजून बांधायची असेल आणि तुम्ही समितीत असाल, तर मंजुरीवर सही करण्याआधी चौकासकट काढलेला हा एक सेक्शन मागून घ्या.